पावसाळी ताप : दिवस कसे मोजावेत आणि कोणत्या दिवशी काय करावे

जून ते नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात किंवा गोव्यात घरातल्या कोणाला ताप भरला की पहिला प्रश्न असतो तो ‘किती आहे?’ हा. थर्मामीटरवरचा आकडा पाहिला पाहिजे यात शंका नाही, पण ताप नेमका कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी सुरू झाला, हे त्याहून महत्त्वाचे आहे. कारण पावसाळ्यातल्या बहुतेक तापांमध्ये कोणती तपासणी खरे उत्तर देईल, कोणते औषध वेळेत पोहोचेल आणि धोका केव्हा उभा राहील हे तापाच्या दिवसावर ठरते. डेंगी, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस (थोडक्यात लेप्टो), चिकुनगुन्या, स्क्रब टायफस आणि विषमज्वर (टायफॉइड) हे आजार पहिल्या एक-दोन दिवसांत जवळजवळ सारखेच दिसतात. कणकण येते, अंग मोडून येते, डोके ठणकते, तोंडाची चव जाते. नुसते रुग्णाकडे पाहून त्यांतला फरक अनुभवी डॉक्टरांनाही दरवेळी सांगता येत नाही. मात्र जंतू, वाहक आणि उपचार यांत हे आजार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी, तिथे गेल्यावर आणि घरी परतल्यावर घरच्या माणसांनी काय करावे, एवढेच पुढे सांगितले आहे. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे.

तापाची वही

कोणतीही जुनी वही चालेल. ताप ज्या दिवशी आला तो पहिला दिवस धरावा आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख व वेळ लिहावी. त्याखाली प्रत्येक नोंद एका ओळीत करावी. असे एक पान साधारणपणे पुढीलप्रमाणे दिसेल:

‘मंगळवार, संध्या. ६ – हुडहुडी भरून ताप, १०२. पॅरासिटामॉल ५००, एक गोळी.
रात्री ११ – १००. लघवी झाली, गडद पिवळी.
बुधवार, सकाळी ७ – १०२.४. डोळ्यांमागे दुखते. दोन उलट्या. पेज अर्धी वाटी.
सकाळी ९ – ओआरएस दोन पेले, पोटात राहिले.
दुपारी १ – पहाटेपासून लघवी नाही.’

शेवटची ओळ बारकाईने वाचावी. पहाटेपासून दुपारपर्यंत लघवी न होणे ही ताप १०२ असण्यापेक्षा गंभीर गोष्ट आहे, आणि वहीत लिहिले नसते तर ती कोणाच्या ध्यानातही आली नसती. अंगातले पाणी पुरेसे आहे की नाही याचा घरच्या घरी मिळणारा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे दर चार ते सहा तासांनी होणारी लघवी.

याच पानाच्या मागे आणखी एक नोंद करावी. रुग्ण गेल्या तीन आठवड्यांत कुठे होता, साचलेल्या पाण्यातून चालला का, भातलावणीला किंवा गवत कापायला गेला का, जंगलात मुक्काम केला का, पायाला जखम होती का, घरात किंवा शेजारी आणखी कोणाला ताप आहे का, हे सगळे तिथे लिहावे. डॉक्टरांनी ‘ताप कधीपासून?’ असे विचारले की निम्मे नातेवाईक ‘दोन-तीन दिवस झाले’ असे उत्तर देतात. दोन आणि तीन यांतला फरक रोजच्या बोलण्यात नगण्य असला तरी डेंगीमध्ये तो नगण्य नसतो.

पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत रुग्णाला विश्रांती, द्रव पदार्थ आणि पॅरासिटामॉल लागते. प्रौढ व्यक्तीला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी गरजेनुसार दर सहा तासांनी देता येते. यकृताचा आजार असणाऱ्यांनी किंवा रोज मद्यपान करणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लहान मुलाला दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार वेळा द्यावे. चूक बहुधा इथेच होते, कारण बाजारात मिळणाऱ्या सिरपची तीव्रता एकसारखी नसते. १२ किलो वजनाच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून साडेसात मिलिलीटर लागतील, २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून साडेतीन मिलिलीटरच्या किंचित वर लागतील आणि एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे दोन मिलिलीटरही भरणार नाहीत. त्यामुळे ‘मागच्या वेळी दोन चमचे दिले होते’ या हिशेबावर विसंबू नये. बाटलीवरचा आकडा वाचून औषधासोबत मिळालेल्या मापानेच द्यावे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन आणि नायमेसुलाइड ही औषधे या काळात स्वतःहून घेऊ नयेत. डेंगीमध्ये त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि लेप्टोमध्ये आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. औषधाच्या दुकानात ‘अंगदुखीसाठी एकत्र गोळी’ म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांत यांपैकी एखादे औषध पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेले असते, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. नायमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे. हृदयविकारासाठी ज्यांना रोज ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ताप ‘एका इंजेक्शनात उतरवून द्या’ असा आग्रहही धरू नये, कारण अशा इंजेक्शनात अनेकदा डायक्लोफेनॅक किंवा स्टेरॉइड असते आणि त्याने खऱ्या आजारावर पडदा पडतो.

पिण्यासाठी तांदळाची पेज, मीठ घातलेले ताक, शहाळे, लिंबू-साखर-मीठ यांचे पाणी, वरणाचे पाणी असे रुग्णाला जे रुचेल ते थोडे थोडे देत राहावे. ओआरएसचे मोठे पाकीट संपूर्ण एक लीटर पाण्यात एकदाच मिसळावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. दुकानात याच धर्तीवर विकली जाणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार असते.

घरात तान्हे बाळ, गर्भवती, साठीपुढचे माणूस, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर वाट पाहण्याचे हे दोन दिवसही त्यांच्यासाठी नाहीत. त्यांना ताप आल्याच्या दिवशीच दाखवावे. हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या भागात सर्वांसाठीच हा नियम आहे.

कोणत्या दिवशी कोणती तपासणी

हिवतापाची रक्ततपासणी पहिल्या दिवसापासून करता येते आणि ती चोवीस तासांच्या आत व्हावी असे राष्ट्रीय धोरण आहे. बोटाला टोचून काचपट्टीवर घेतलेला रक्तनमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी पद्धत आजही विश्वासार्ह आहे. दुर्गम गावांत आशा सेविकेकडे झटपट तपासणीचे किटही असते. एकदा नमुना निर्दोष आला म्हणजे हिवताप नाही असे होत नाही. ताप चालूच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासावे.

डेंगीसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही प्रतिजन, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी, तपासणी उपयोगी असते. पाचव्या दिवसानंतर ती नकारार्थी होऊ लागते आणि तेव्हा आयजीएम प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, तपासणी करावी लागते. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘डेंगी नाही’ असा निष्कर्ष काढणे किंवा आठव्या दिवशी एनएस-वन करून निश्चिंत होणे या दोन्ही गोष्टींत पैसे जातात आणि दिशाभूलही होते. झटपट कार्डापेक्षा सरकारी रुग्णालयांमार्फत प्रयोगशाळेत होणारी एलायझा तपासणी अधिक भरवशाची असते. लेप्टोच्या प्रतिपिंडांची तपासणीही पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा रिकामी जाते, म्हणून लक्षणे आणि पाण्याशी आलेला संपर्क यांवरूनच डॉक्टर उपचार सुरू करतात. अहवाल नसताना औषध का दिले, असा वाद इथे घालू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दोन आजार एकाच वेळी असू शकतात. डेंगीचे कार्ड सकारात्मक आले, पण पोटऱ्या दुखतात आणि डोळे लाल भडक आहेत, तर लेप्टोचा विचार सोडून देऊ नये.

ताप उतरला तो दिवस

डेंगीविषयी एकच परिच्छेद वाचायचा असेल तर तो हा. डेंगीचा ताप दोन ते सात दिवस राहतो आणि बहुतेकांचा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो. त्या सकाळी थर्मामीटर ९८ दाखवतो, घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, जागरण करणारी माणसे कामावर जातात, आणि ज्यांचा आजार गंभीर वळण घेणार असतो त्यांचे ते वळण नेमके पुढच्या २४ ते ४८ तासांत येते. या अवस्थेत केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात आणि रक्तातला पातळ भाग पोटात व छातीत झिरपतो. रक्त दाट होते, रक्तदाब ढासळतो, आणि हे सारे रुग्ण शुद्धीत असताना, बोलत असताना घडते. म्हणून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस हे वहीतल्या सर्वांत दाट नोंदींचे दिवस असावेत.

या दोन दिवसांत पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तरी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी: पोटात सतत व तीव्र दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळी शौचास होणे, मासिक पाळीत नेहमीपेक्षा फार रक्त जाणे, हातपाय गार व ओलसर पडणे, उभे राहिल्यावर भोवळ येणे, सहा तास लघवी न होणे, आणि मूल कमालीचे सुस्त किंवा उगीच चिडचिडे होणे. वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर वरचा आणि खालचा आकडा यांतले अंतर पाहावे. १०० आणि ८० असा रक्तदाब दिसला तर ‘शंभर म्हणजे ठीक आहे’ असे वाटते; पण अंतर २० किंवा त्याहून कमी असणे हे रक्ताभिसरण कोलमडू लागल्याचे चिन्ह आहे.

आता प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, यांविषयी. डेंगी म्हटले की सारे कुटुंब प्लेटलेटचा आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा पाहत बसते, तो ८० हजारांवर आला की घाबरते आणि रक्तपेढ्यांना फोन करू लागते. प्लेटलेट कमी होणे हा आजाराचा भाग आहे आणि धोक्याची अवस्था संपली की त्या आपोआप वाढू लागतात. रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा नसते. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी १० हजारांखालची मर्यादा दिली आहे. त्याच अहवालात पीसीव्ही किंवा हेमॅटोक्रिट नावाची एक ओळ असते, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. रक्त किती दाट झाले ते ती सांगते. पहिल्या दिवसांत ३८ असलेला हा आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी ४६ झाला, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढला, आणि त्याच वेळी प्लेटलेट झपाट्याने उतरल्या, तर रक्तातला द्रव बाहेर झिरपतो आहे असे समजावे. म्हणूनच तापाच्या पहिल्या तीन दिवसांतला एक साधा रक्तगणना अहवाल जपून ठेवावा. तुलना करायला तोच लागतो.

पपईच्या पानांचा रस, किवी आणि बकरीचे दूध यांवर या दिवसांत पाण्यासारखा पैसा खर्च होतो. किवी खाऊन कोणाचे बिघडणार नाही. पपईच्या पानांच्या कडू रसाने मात्र आधीच मळमळणाऱ्या रुग्णाला उलट्या होतात आणि पोटात टिकलेली पेजही बाहेर पडते. ‘सलाईन लावाच’ हा आग्रहही तितकाच घातक ठरू शकतो, कारण धोक्याची अवस्था ओलांडल्यावर झिरपलेले पाणी रक्तात परत येऊ लागते आणि त्यात आणखी बाटल्या चढवल्या तर फुप्फुसांत पाणी साचते. भूक परत येणे, लघवी भरपूर होणे, तळहात-तळपायांना खाज सुटणे ही बरे होण्याची चिन्हे आहेत.

डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापुरते संरक्षण दीर्घकाळ मिळते, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. पूर्वी डेंगी होऊन गेलेल्या माणसाने ‘मला आता काही होत नाही’ असे म्हणत ताप अंगावर काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पाण्यात उतरलेल्या माणसाचा ताप

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ आली. या आजाराचा जिवाणू उंदीर, घुशी, गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात मिसळतो आणि पायावरच्या बारीकशा चिरेतून, भेगांतून किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतो. लागण झाल्यापासून ताप येण्यास साधारणपणे पाच ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे पूर विसरला गेल्यावर आजार उगवतो. कोकणात तो शहरी पुराइतकाच भाताच्या खाचरातला आजार आहे. चिखलणी, लावणी आणि पुढे कापणीच्या काळातही तो सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आढळतो.

पोटऱ्यांचे असह्य दुखणे आणि चिपडाविना लाल झालेले डोळे ही त्याची ओळख. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर तासाभराचाही विलंब करू नये, कारण फुप्फुसांतला रक्तस्राव फार वेगाने वाढतो. लवकर ओळखला तर हाच आजार डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या साध्या गोळ्यांनी बरा होतो; गंभीर रुग्णाला शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफट्रायझोन द्यावे लागते.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर घरी येताच साबणाने पाय धुऊन कोरडे करावेत, जखमांवर जंतुनाशक लावावे आणि प्रतिबंधक औषधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा दवाखान्याला भेटावे. मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्यात असे आवाहन करते. त्यासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन दिले जाते, पण गर्भवतींना व आठ वर्षांखालील मुलांना ते चालत नाही, त्यांचे औषध वेगळे असते. ही गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. शेतात रोज उतरणाऱ्यांसाठी गमबूट हा खरा उपाय असला तरी लावणीच्या चिखलात गमबूट रुततात आणि काम खोळंबते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ज्यांना बूट घालणे शक्य नाही त्यांनी निदान पायाच्या भेगा व जखमा चिकटपट्टीने बंद करून उतरावे आणि संपूर्ण हंगामासाठी आठवड्याला घेण्याच्या प्रतिबंधक गोळीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

काळी खपली

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तोवर हे नाव अनेकांनी ऐकलेही नव्हते. गवतात व झुडपांत राहणाऱ्या एका बारीक किडीची अळी चावते आणि त्या जागी, सर्वांत नाही पण अनेक रुग्णांत, सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली व भोवती लाल कडे उमटते. ती दुखत नाही, खाजतही नाही, आणि बहुधा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली किंवा स्तनांखाली असते. म्हणून रुग्णालाही तिचा पत्ता नसतो. पाच दिवस ताप असलेल्या माणसाचे सर्वांग चांगल्या उजेडात, आडपडदा न ठेवता, घरातल्याच कोणी तरी एकदा तपासावे. खपली सापडली तर डॉक्टरांना दाखवावी. इथेही डॉक्सिसायक्लिनच उपयोगी पडते आणि एक-दोन दिवसांत ताप उतरतो. गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, धुतलेले कपडे गवतावर वाळत टाकू नयेत.

हिवताप

महाराष्ट्रातल्या हिवतापाचा सर्वांत मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो, आणि तिथे फाल्सिपेरम हा घातक प्रकार प्रामुख्याने आढळतो. मुंबईसारख्या शहरांत व्हायवॅक्स अधिक दिसतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. व्हायवॅक्ससाठी तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन, तर फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त एकत्रित औषधे देतात. सरकारी केंद्रांत ही सर्व औषधे मोफत मिळतात. उरलेली क्लोरोक्विनची पट्टी घरात ठेवून पुढच्या तापाला अंदाजाने देणे म्हणूनच चुकीचे आहे. तापात असंबद्ध बोलणे, झटके येणे, लघवी काळपट होणे किंवा कावीळ दिसणे ही फाल्सिपेरमच्या गंभीर आजाराची चिन्हे आहेत आणि त्यावर रुग्णालयातच उपचार होतात. गर्भवती, तान्ही बाळे आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विन देत नाहीत.

वाटप झालेली कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी वारंवार धुऊ नये, धुतल्यास सावलीत वाळवावी. शेतावर राखणीला जाताना ती बरोबर न्यावी. घरात टांगलेल्या मच्छरदाणीचा शेतातल्या माळ्यावर झोपणाऱ्याला उपयोग नाही.

विषमज्वर

सात दिवसांहून अधिक काळ रोज थोडा थोडा चढत जाणारा ताप असेल तर विषमज्वराचा विचार करावा. विडाल ही तपासणी गल्लोगल्ली होते, पण एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतलेले रक्तसंवर्धन (ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) अधिक खात्रीचे असते. पाणी उकळून पिणे किंवा आरोग्य केंद्रात मिळणारे मेडिक्लोर या क्लोरीनयुक्त द्रावणाचे थेंब टाकून अर्धा तास थांबणे, हे प्रतिबंधाचे उपाय. विषमज्वराची नवी लस सहा महिन्यांच्या पुढे देता येते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोहीम काढून दिली होती.

आठवड्यातला एक तास

डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी, चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सर्व भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा असतो. पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून पिंप, रांजण आणि हौद काथ्याने घासावा लागतो.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली, बंद पडलेला कूलर, गच्चीवरचे टायर, झाकण तुटलेली टाकी, पागोळीखाली ठेवलेली बादली, परसातल्या करवंट्या आणि छपरावरच्या ताडपत्रीच्या घडीत साचलेले ओंजळभर पाणी. टॉर्च मारून पाहिले की अळ्या दिसतात. एडिसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या लटकतात आणि प्रकाश पडताच वळवळत खाली जातात. हिवतापाच्या ॲनोफेलिस डासाच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगतात. इमारतीच्या टाकीत अशा आडव्या अळ्या दिसल्या तर झाकण आणि जाळी नीट बसवल्याशिवाय प्रश्न सुटणार नाही. जे पाणी ओतून देता येत नाही, उदाहरणार्थ विहीर किंवा शोभेचे टाके, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य विभागाकडे मिळतात.

धूरफवारणीची मागणी दर साथीत होते, आणि नगरसेवकांनाही ती आवडते कारण ती दिसते. तिने उडणारे डास काही काळ मरतात, अळ्या मात्र शाबूत राहतात आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात. एडिस फार दूर उडत नाही, त्यामुळे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरातला असतो.

डेंगीच्या रुग्णाच्या रक्तात पहिले पाच-सहा दिवस विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास पुढे इतरांना लागण देतो. म्हणून रुग्णाने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे. तान्ह्या बाळाच्या दुपारच्या झोपेलाही हाच नियम लावावा.

बरे वाटू लागल्यावर

चिकुनगुन्यात ताप गेल्यावरही सांधे काही आठवडे, कधी महिनोन्‌महिने दुखतात. डेंगी नाही याची खात्री झाल्यानंतरच वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. डेंगीनंतरचा थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो, तेवढी रजा टाकावी. व्हायवॅक्स हिवतापात ताप तिसऱ्या दिवशी जातो आणि प्रायमाक्विनच्या उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. यकृतात दडलेले परजीवी त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा जागे होतात आणि नवा डास न चावताही हिवताप उलटतो. चौदाही दिवसांच्या गोळ्यांसमोर वहीत खूण करावी. रक्तदान करणाऱ्यांनी हिवतापातून बरे झाल्यावर तीन महिने, आणि डेंगी किंवा चिकुनगुन्यातून पूर्ण बरे झाल्यावर सहा महिने थांबावे, आणि त्यानंतरही रक्तपेढीतला अर्ज भरताना या आजाराची तारीख त्यात लिहावी.